जुना नंबर, नवा नंबर : कर्नल, बस आणि पत्त्यांचा हिशेब

मी चेन्नईहून बोलते आहे. मूळची इचलकरंजीची, पण गेली चौदा वर्षे इथेच, तिरुवान्मियूरला राहते आणि ड्रायव्हर लिहिते. गाडीचा ड्रायव्हर नव्हे. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे तिच्या गाभ्याला, ज्याला आपण कर्नल म्हणतो, त्याला बाहेरच्या यंत्राशी बोलायला शिकवणारा जो छोटा प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. संयोजकांनी सांगितले की मराठीत या विषयावर कुणी बोलत नाही, तुम्ही बोला. तांत्रिक शब्द जसे आपण ऑफिसात वापरतो तसेच वापरणार आहे. ज्यांनी थोडे सी प्रोग्रामिंग केले आहे त्यांना सगळे कळेल. ज्यांनी केले नाही त्यांनाही गोष्ट कळेल, कारण ती मुळात एका चुकीच्या पत्त्याची गोष्ट आहे.

सुरुवात घरापासून करते. चेन्नईत कुणाचाही पत्ता विचारा, दोन नंबर सांगतात. जुना नंबर अमुक, नवा नंबर तमुक. कॉर्पोरेशनने घरांना नवे क्रमांक दिले, पण जुने काही गेले नाहीत. पाट्यांवर दोन्ही असतात. मी नवीन आले तेव्हा गॅस सिलिंडर बुक केला आणि पत्त्यात नुसते ‘१४’ लिहिले. माझ्या घराचा तो नवा नंबर. सिलिंडर गेला त्याच रस्त्यावरच्या जुन्या १४ नंबरात, चार घरे पलीकडे. आकडा बरोबर होता, रस्ता बरोबर होता, माणूसही प्रामाणिक होता. फक्त तो आकडा कुणाच्या मोजणीतला आहे, हे मी सांगितले नव्हते.

आजचे सगळे भाषण या एका वाक्यात आहे: आकडा म्हणजे पत्ता नव्हे. आकडा आणि मोजणारा, हे दोन्ही मिळून पत्ता होतो. कर्नलमध्ये हार्डवेअर बससाठी मेमरी मॅपिंगचा इंटरफेस डिझाइन करायचा म्हणजे मुख्यतः एवढेच करायचे असते, की हे विसरणे लिहिणाऱ्याला अवघड जावे.

आता मी ते कशी विसरले ते सांगते.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही कारखान्यातल्या मोठ्या मोटारींचे कंपन मोजणारे यंत्र करत होतो. मोटारीचे बेअरिंग खराब होऊ लागले की कंपन बदलते, ते आधी कळले तर मोटार जळत नाही. यंत्रात एक कार्ड सेन्सरचे आकडे घेऊन थेट मेमरीत टाकायचे. प्रोसेसरला मध्ये न घेता यंत्राने स्वतः मेमरीत लिहायचे, याला डीएमए म्हणतात. ड्रायव्हर मी लिहिला. टेबलावरच्या साध्या पीसीवर तो महिनोन्‌महिने सुरेख चालला. मग तोच ड्रायव्हर आमच्या स्वतःच्या छोट्या एआर्म बोर्डावर गेला आणि यंत्र गिऱ्हाइकाकडे बसले.

आठवड्याभरात तक्रार आली. रात्रपाळीत आकडे चुकतात. दिवसा ठीक, रात्री मधूनच जुनेच आकडे परत येतात, आणि कधी खोटा अलार्म वाजतो. खोट्या अलार्मपेक्षा वाईट म्हणजे खरे कंपन वाढले तरी पडद्यावर जुने शांत आकडे दिसायचे. तिथे माणसे त्या मोटारींच्या शेजारी उभी राहून काम करत होती.

मी काय केले? कोड दोनदा वाचला, मला काही सापडले नाही, आणि मेल लिहिला: “बोर्डावर नॉइज आहे.” बोर्ड ज्यांनी डिझाइन केला होता ते आमचे सीनियर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी एक शब्द उलट लिहिला नाही. कपॅसिटर बदलले, शील्डिंग वाढवले, नवा बोर्ड काढला. चार आठवडे गेले. गिऱ्हाइकासमोर कमीपणा त्यांना घ्यावा लागला. आकडे चुकतच राहिले.

शेवटी एके रात्री ते लॉजिक अ‍ॅनलायझर घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “तू इथे बस अम्मा, दोघे मिळून बघू.” बसवरून जाणारा आकडा अ‍ॅनलायझरवर दिसत होता ७१२. त्याच क्षणीचा माझा प्रोग्राम छापत होता ६९८. म्हणजे कार्ड खरे बोलत होते, बस खरे बोलत होती, मेमरीत खरा आकडा पोचत होता. माझाच ड्रायव्हर जुना कागद वाचत होता.

असे का झाले, ते समजायला पत्त्यांचे तीन प्रकार समजून घेऊ. लिनक्स कर्नलच्या डीएमएच्या मार्गदर्शिकेची सुरुवातच जवळजवळ इथून होते.

पहिला, व्हर्च्युअल पत्ता. कर्नलमधला आपला कोड जो पॉइंटर वापरतो तो. दुसरा, फिजिकल पत्ता. व्हर्च्युअल पत्ता पेज टेबलमधून गेला की प्रोसेसर बाहेर जो पत्ता टाकतो तो. आणि तिसरा, बस पत्ता. बसवर बसलेल्या यंत्राला तीच जागा ज्या आकड्याने दिसते तो. हा तिसरा लोक विसरतात, कारण साध्या पीसीवर बहुतेक वेळा दुसरा आणि तिसरा आकडा एकच निघतो. जुना नंबर आणि नवा नंबर योगायोगाने सारखे असलेल्या घरात तुम्ही राहत असाल, तर दोन नंबर असतात हे तुम्हाला कळायचेच नाही.

एक उदाहरण कॉलेजच्या मुलांच्या हातातलेच आहे. पहिला रास्पबेरी पाय, २०१२ सालचा. त्यातल्या चिपच्या माहितीपुस्तिकेत रजिस्टरांचे पत्ते सोळाच्या हिशेबात ७ई ने सुरू होतात. तोच आकडा कोडमध्ये घातला की काही चालत नाही. कारण ते बसच्या बाजूचे पत्ते आहेत. प्रोसेसरच्या बाजूने तीच रजिस्टरे २० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर दिसतात. पुस्तिका खोटे बोलत नाही, ती दुसऱ्या मोजणीत बोलते. लिनक्समध्ये हे भाषांतर डिव्हाइस ट्री नावाच्या वर्णनात ‘रेंजेस’ या नोंदीत लिहिलेले असते: या बसवरचा अमुक पत्ता म्हणजे पलीकडचा तमुक पत्ता, इतक्या लांबीपर्यंत. आणि उलट दिशेने, यंत्राला मेमरी कशी दिसते, ते ‘डीएमए-रेंजेस’ मध्ये.

म्हणजे इंटरफेसला दोन दिशा आहेत. प्रोसेसरने यंत्राकडे बघायचे, ही एक. यंत्राने मेमरीकडे बघायचे, ही दुसरी. दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत, म्हणून चांगल्या कर्नलमध्ये दोन्हींचे इंटरफेसही वेगळे असतात.

पहिली दिशा बघू. यंत्राची रजिस्टरे मेमरीसारखीच पत्त्यावर दिसतात. मग नवशिक्याला वाटते, पॉइंटर घ्या, पुढे ‘व्होलटाइल’ लिहा, झाले काम. लिनक्स तसे करू देत नाही. आधी ‘आयओरीमॅप’ करून जागा मागायची, आणि जे मिळते ते पॉइंटरसारखे दिसले तरी पॉइंटर मानायचे नाही. वाचायला ‘रीडएल’, लिहायला ‘रायटएल’. त्या पॉइंटरवर ‘आयओमेम’ अशी खूण असते, आणि तुम्ही थेट वाचायला गेलात तर ‘स्पार्स’ नावाचे तपासणीचे साधन ओरडते.

एवढे सोवळे कशाला? याचे उत्तर १९९० च्या दशकातल्या डीईसी कंपनीच्या अल्फा प्रोसेसरने दिले. सुरुवातीच्या अल्फांना एक बाइट वाचण्या-लिहिण्याच्या सूचनाच नव्हत्या. कमीत कमी ३२ बिटांचा घास. पण बसवरची यंत्रे तर एकेका बाइटची रजिस्टरे घेऊन बसलेली. मग त्यांनी तोडगा काढला: यंत्राचा पत्ता पाच बिट डावीकडे सरकवायचा, आणि मोकळ्या झालेल्या खालच्या बिटांत किती बाइट हवे ते लिहायचे. याला ते विरळ जागा म्हणत. आता सांगा, अशा मशीनवर साधा पॉइंटर काय करणार? पत्ता हाच निरोप झाला होता. ज्यांचे ड्रायव्हर थेट पॉइंटर वापरत होते त्यांना ते पुन्हा लिहावे लागले असते.

अल्फासारख्या मशीनवर चालायचे म्हणूनच नेटबीएसडीच्या मंडळींनी ‘बस स्पेस’ हा इंटरफेस धरला. त्यात ड्रायव्हरला पत्ता मिळतच नाही. मिळतात दोन गोष्टी: एक टॅग, म्हणजे ही कोणती बस, आणि एक हँडल, म्हणजे त्या बसवरची कोणती जागा. वाचायचे तर टॅग, हँडल आणि किती अंतरावर, हे तिन्ही द्यायचे. मोजणारा आणि आकडा नेहमी जोडीने. सिलिंडरच्या फॉर्मवर ‘जुना की नवा’ हा रकाना सक्तीचा करण्यासारखेच आहे हे. त्यामुळे तोच ड्रायव्हर पीसीवर, अल्फावर, इतर मशीनवर जवळजवळ न बदलता चालू लागला.

‘रायटएल’ आणखी दोन कामे गुपचूप करते. पीसीआय बसवर आकड्यातला छोटा बाइट आधी, अशी पद्धत आहे. उलट्या क्रमाच्या प्रोसेसरवर ती अदलाबदल करते. आणि क्रम राखते. तुम्ही आधी मेमरीत काम लिहून ठेवले आणि मग यंत्राला ‘सुरू कर’ म्हणालात, तर यंत्राला त्याच क्रमाने दिसले पाहिजे. आधुनिक प्रोसेसर सूचना मागेपुढे करतात, म्हणून ही हमी कुणीतरी द्यावीच लागते.

एक गोष्ट मात्र ती करत नाही. पीसीआयवरचे लिहिणे हे साध्या पोस्टासारखे असते. पेटीत पत्र टाकले की प्रोसेसर पुढे जातो, पत्र पोचले का ते त्याला माहीत नसते. पोचल्याची खात्री हवी तर त्याच यंत्रातून काहीतरी परत वाचायचे. वाचण्याचे उत्तर येते तेव्हा आधीचे लिहिणे पोचलेले असते. आपले पूर्वीचे रजिस्टर एडी असायचे, तसे. यंत्र रीसेट करून लगेच दहा मायक्रोसेकंद थांबणारे पुष्कळ ड्रायव्हर यामुळे फसतात. दहा मायक्रोसेकंद मोजून होतात, आणि रीसेटचा निरोप अजून वाटेतच असतो.

आता दुसरी दिशा. माझी चूक इथली.

मी काय केले होते? कर्नलकडून साधी मेमरी घेतली, तिचा फिजिकल पत्ता काढला, आणि तो आकडा कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहून टाकला. आमच्या बोर्डावर फिजिकल आणि बस पत्ता सारखाच होता, त्यामुळे कार्डाने बरोबर जागी लिहिले. पण प्रोसेसर मेमरी वाचतो ती कॅशमधून. पीसीवर यंत्राने मेमरीत लिहिले की हार्डवेअरच कॅशला कळवते. आमच्या एआर्म बोर्डावर ती सोय नव्हती. कॅशमध्ये जुनी प्रत पडलेली, मी तीच वाचत होते. दिवसा पडदा, नोंदी, नेटवर्क यांची कामे चालत, कॅशमधून जुन्या प्रती आपोआप बाहेर ढकलल्या जात, आणि मला नवे आकडे मिळत. रात्री मशीन निवांत, म्हणून जुनी प्रत तिथेच राही. रात्रपाळीचे कोडे ते हे.

लिनक्सचा डीएमए इंटरफेस नेमका यासाठी आहे. ‘डीएमए मॅप सिंगल’ ला तुम्ही तीन गोष्टी सांगता: कोणते यंत्र, कोणती मेमरी, आणि दिशा. यंत्राकडे जाणार, यंत्राकडून येणार, की दोन्ही. बदल्यात बस पत्ता मिळतो, आणि त्याचा प्रकारच वेगळा आहे. पण खरी गोष्ट पत्त्याची नाही, ताब्याची आहे. मॅप केले म्हणजे ती जागा यंत्राच्या ताब्यात दिली. अनमॅप केले म्हणजे परत घेतली. मधल्या काळात तुम्ही तिला हात लावायचा नाही. भाड्याने दिलेल्या घरात मालकाने न विचारता शिरायचे नाही, तसेच. आणि भाडेकरू ठेवूनच मधे एकदा आत डोकवायचे असेल तर ‘सिंक’ ची परवानगी आहे: आता प्रोसेसरसाठी, आता पुन्हा यंत्रासाठी. कॅश कधी झटकायची, कधी फेकायची, हे सगळे त्या देवघेवीच्या वेळी कर्नल बघतो. पीसीसारख्या मशीनवर त्या कॉलला जवळजवळ काही करावे लागत नाही, म्हणून तिथे तो महागही पडत नाही.

हाच इंटरफेस आणखी ओझी उचलतो. जुन्या आयएसए बसवर पत्त्याच्या २४ तारा, म्हणून यंत्राला १६ एमबीच्या वर मेमरी दिसतच नाही. ३२ बिटांच्या यंत्राला ४ जीबीच्या वर दिसत नाही. तुमची मेमरी वर असेल तर कर्नल खाली एक तात्पुरती जागा घेतो आणि मजकूर तिथून नकलून देतो. आणि आयओएमएमयू असेल, म्हणजे यंत्रासाठीचे स्वतंत्र पेज टेबल, तर यंत्राला फक्त दिलेलीच जागा दिसते, बाकी मेमरीला ते हात लावू शकत नाही. ड्रायव्हरला यातले काही माहीत नसते. १९९८ च्या यूसेनिक्स परिषदेत जेसन थॉर्प यांनी नेटबीएसडीच्या अशाच डीएमए चौकटीवर निबंध वाचला होता. नव्याने कर्नलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते.

माझी दुरुस्ती किती ओळींची होती सांगू? सहा. मॅप, मॅप फसला का ते बघणे, सिंक, अनमॅप. कर्नलमध्ये डीएमए डिबगची सोय आहे, जी अनमॅप विसरलात, दिशा चुकलात तर नाव घेऊन सांगते. पण मी इंटरफेसच वापरला नव्हता, तर ती बिचारी सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मेल लिहिला, ज्यांना पहिला गेला होता त्या सगळ्यांना. चूक माझी होती, बोर्ड पहिल्या दिवसापासून बरोबर होता. अण्णांनी त्यावरही काही लिहिले नाही. जेवताना एवढेच म्हणाले, पुढच्या वेळी आधी बस बघ, मग माणूस.

हे सगळे आज का सांगते? कारण माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर, आयआयटी मद्रासमध्ये, आपले स्वतःचे प्रोसेसर तयार होत आहेत. प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने ‘शक्ती’ हा रिस्क-फाइव्हवरचा प्रोसेसर केला. २०१८ मध्ये २२ नॅनोमीटरच्या चिपवर त्यांनी लिनक्स चालवून दाखवले, आणि त्याच वर्षी चंडीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरमध्ये देशातच चिप तयार झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत इस्रोसोबतची ‘आयरिस’ ही चिप सुरू झाल्याची घोषणा झाली. तीही शक्तीवर आधारलेली, अवकाशातल्या कामांसाठी.

आयती चिप घेतो तेव्हा पत्त्यांचा नकाशा दुसऱ्याने ठरवलेला असतो. स्वतःची करतो तेव्हा तो आपण ठरवतो. शक्तीच्या सॉफ्टवेअर संचात पहिल्या सीरियल पोर्टचा पत्ता सोळाच्या हिशेबात ११३०० आहे, आणि मुख्य मेमरी ८००००००० पासून, म्हणजे २ जीबीच्या खुणेपासून. छोट्या फर्मवेअरमध्ये हे आकडे थेट लिहिले तर चालून जाते. पण उद्या कुणी त्याच गाभ्याभोवती वेगळी चिप केली, पोर्ट हलवला, मध्ये एक ब्रिज घातला, की थेट लिहिलेला प्रत्येक आकडा जुना नंबर होतो.

रिस्क-फाइव्हची एक गोष्ट मला फार आवडते. त्यातली ‘फेन्स’ ही सूचना क्रम राखते, आणि तिच्यात चार खुणा वेगळ्या आहेत: यंत्राकडून वाचणे, यंत्राकडे लिहिणे, मेमरी वाचणे, मेमरी लिहिणे. लिनक्सचे ‘रायटएल’ रिस्क-फाइव्हवर लिहिण्याआधी हेच म्हणते: मेमरीतले आधीचे लिहिणे पूर्ण होऊ दे, मगच यंत्राकडे लिही. यंत्र आणि मेमरी एक नव्हेत, हे तिथे सूचनेतच कोरलेले आहे. जी गोष्ट शिकायला मला चार आठवडे आणि एका भल्या माणसाची मानहानी लागली.

नव्या मुलांना शेवटी तीन गोष्टी सांगते. पत्त्याचा आकडा कधी एकटा फिरू देऊ नका, तो कुणाच्या मोजणीतला ते त्याच्या प्रकारात लिहा. मेमरी यंत्राला दिलीत की परत घेईपर्यंत ती तुमची नाही. आणि तुमच्या टेबलावर चालते हा पुरावा नव्हे, तुमच्या टेबलावर दोन्ही नंबर सारखे असू शकतात.

एकदोन प्रश्न घेते.

प्रश्न : एवढ्या आवरणांनी वेग कमी होत नाही का?

होतो, काही ठिकाणी. म्हणूनच ‘रायटएल रिलॅक्स्ड’ आहे, जे मेमरीच्या क्रमाची हमी सोडून देते. दर वेळी मॅप-अनमॅप नको असेल तर एकदाच घ्यायची कोहेरंट मेमरी आहे. पण तिथेही किंमत आहे. ज्या मशीनवर कॅशची सोय नाही तिथे अशी मेमरी सहसा कॅशबाहेर ठेवतात, म्हणून ती वाचायला हळू. माझा नियम असा: आधी सरळ मार्गाने बरोबर करा, मोजा, आणि मोजून जिथे दुखते तिथेच हमी सोडा. सोडली की शेजारी का सोडली ते लिहा.

प्रश्न : रस्ट भाषेने हे प्रश्न सुटतील का?

२०२२ च्या डिसेंबरातल्या लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली, आणि यंत्राची मेमरी, डीएमए यांची आवरणे त्यात येत आहेत. ताबा कुणाचा, हा प्रश्न रस्टच्या मुळातच आहे, त्यामुळे माझ्यासारखी चूक कंपाइल करतानाच अडेल अशी आशा आहे. पण यंत्र काही रस्ट वाचत नाही. त्याला कोणता पत्ता दिला, ते शेवटी बसवरच बघावे लागते. अ‍ॅनलायझर जवळ ठेवा.